हिमनदीच्या काठचे बिनमोटारीचे गाव



वैशाखाच्या तोंडावर, दिवसभर अंगाची लाही झाल्यावर, संध्याकाळी हिमावरचे व्याख्यान ऐकावयास आपण इतक्या मोठ्या संख्येने आलात, यात विषयाचे आकर्षण किती आणि मैदानावरच्या वाऱ्याचे किती, याची चिकित्सा आम्ही करीत नाही. स्कीइंग म्हटले की आपल्यापुढे चित्रपटातले एखादे दृश्य उभे राहते. पांढरेशुभ्र उतार, रंगीबेरंगी कपडे, आणि पायांना लांब फळ्या बांधून भरधाव सुटलेला नायक. खेळ श्रीमंतांचा, तरुणांचा आणि परक्यांचा, अशी आपली समजूत. ती अगदीच खोटी आहे असे नाही. पण स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागातील ज्या गावाविषयी आज बोलावयाचे आहे, तेथे हा खेळ पाहताना आमचे लक्ष नायकाकडे गेलेच नाही. ते गेले चारपाच वर्षांच्या मुलांकडे, आणि नंतर त्या मुलांच्या डोक्यांपलीकडे पसरलेल्या एका म्हाताऱ्या हिमनदीकडे.

वॅले नावाच्या प्रांतातून ऱ्होन नदी वाहते. तिच्या खोऱ्यात ब्रिग हे शहर आहे. तेथून अरुंद रुळांची आगगाडी नदीकाठाने वर निघते आणि मोरेल, बेटेन, फीश अशी लहान लहान स्थानके घेत जाते. यांतल्या कोणत्याही स्थानकावर उतरून मान वर केली, तर समोर जवळजवळ भिंतीसारखा चढ दिसतो. या चढाच्या माथ्यावर, खोऱ्यापासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर, डोंगराने एक लांबट ओटा सोडला आहे. त्या ओट्यावर रीडराल्प, बेटमेराल्प आणि फिशराल्प अशी तीन गावे ओळीने बसली आहेत. बेटमेराल्पला जावयाचे तर मोटार खालीच ठेवावी लागते. स्थानकालगतच तारेवरचा पाळणा आहे. त्यात माणसे, पेट्या, पाव, दूध, टपाल असे सगळे एकत्र चढते, आणि काही मिनिटांत आपण १९५० मीटरच्या आसपास जाऊन पोचतो. पाळण्यातून बाहेर पाऊल टाकताच पहिली जाणीव होते ती कानांना. आपल्या कानांना इतकी सवय झालेली असते, की आवाज नाही म्हणजे नेमके काय नाही, हे उमगायला दोनचार मिनिटे लागतात.

येथे मोटारी नाहीत याचे श्रेय कोणा एका सुधारकाला देण्याचा मोह होतो, पण ते खरे नव्हे. पहिले श्रेय त्या चढाला आहे. तिकडे ‘आल्प’ या शब्दाचा मूळ अर्थ शिखर असा नसून उन्हाळी कुरण असा आहे. खोऱ्यातली शेतकरी कुटुंबे उन्हाळ्यात गुरे घेऊन या ओट्यावर येत, दूध काढीत, चीज करीत, आणि थंडी पडू लागली की खाली परतत. बेटमेराल्पच्या टेकाडावर १६९७ सालची एक शुभ्र चिमुकली प्रार्थनामंदिरी आहे. तिचे नाव ‘हिमाची मेरीमाता’. गुराख्यांच्या वस्तीतले ते देवघर. पुढे विसाव्या शतकात तारेवरचे पाळणे आले. शांतता हीच आपली खरी शेती आहे, हे गावकऱ्यांना उमगल्यावर मोटारींना वर बोलावण्याचे कारण उरले नाही. आपल्याकडे माथेरानला दस्तुरी नाक्यावर मोटार सोडून पुढे चालावे लागते, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तेथे बंदी टिकवण्यासाठी वर्षानुवर्षे वाद घालावे लागतात. येथे भूगोलाने पहिला निम्मा वाद संपवून टाकला आहे, एवढाच काय तो फरक. अर्थात एकही वाहन नाही असे समजू नका. विजेवर चालणाऱ्या गाड्या आहेत, साखळीच्या पट्ट्यांवर हिमातून चालणारी अवजड वाहनेही आहेत. पण रस्ता त्यांच्या मालकीचा नाही.

रस्ता मुलांच्या मालकीचा आहे. हिवाळ्यात गावातला हिम खरवडून काढीत नाहीत. तो दाबून घट्ट करतात, आणि त्यावरूनच सारे चालतात. वाण्याकडून सामान आणावयाचे तर लाकडी घसरगाडीवर. तान्ह्या मुलाला फिरवावयाचे तर तेही घसरगाडीवर, पांघरुणात गुंडाळून. सकाळी मुले दारातच पायांना स्की बांधतात आणि शाळेच्या उतारापर्यंत घसरत जातात. कोणाचेही वडील ओरडत नाहीत, कोणाचीही आई मनगट आवळून धरत नाही. आपल्याकडे मूल रस्त्यावर गेले की आईचा जीव अर्धा होतो. इतका, की ती भीती आपण मातृत्वाचाच भाग मानू लागलो आहोत. ती भीती मातृत्वाची नसून मोटारीची आहे, हे आम्हांला त्या गावात प्रथम कळले. कुटुंबवत्सल गाव म्हणून त्याची जी ख्याती आहे, तिचे रहस्य खेळण्यांच्या बागेत नाही, या दाबलेल्या हिमाच्या रस्त्यात आहे.

आता खेळाकडे वळू. हिमावर फळ्या बांधून चालणे ही उत्तरेकडची फार जुनी विद्या. नॉर्वेजियन प्रवासी नान्सेन याने १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले, त्याची हकीकत युरोपभर वाचली गेली, आणि आल्प्समधल्या लोकांनाही या फळ्यांचे वेड लागले. पण उत्तरेत चालण्यासाठी असलेली वस्तू आल्प्सच्या कड्यांवर उतरण्यासाठी वापरावयाची, तर वळावे कसे आणि थांबावे कसे हे नव्याने शोधावे लागले. या शोधात एका माणसाचा आपल्या देशाशी थोडा संबंध आहे. आर्नोल्ड लन हा इंग्रज १८८८ साली मद्रासेत जन्मला. त्याचे वडील तेथे मिशनरी होते. याच लनने १९२२ साली म्यूरेन या गावी दोन दोन काठ्यांमधून वळत उतरण्याची स्लॅलम शर्यत आजच्या स्वरूपात मांडली. म्यूरेनही बिनमोटारीचेच गाव आहे, हा निव्वळ योगायोग.

मुलांना शिकवतात ते सोपे असते. स्कीची पुढची टोके जवळ, मागच्या टाचा दूर. नांगराच्या फाळासारखा आकार करावयाचा. फाळ रुंद केला की वेग कमी होतो, अरुंद केला की वाढतो. उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळण, डाव्यावर दिला की उजवीकडे. एवढेच शास्त्र. मोठ्यांना ते पाच मिनिटांत समजते आणि पाच दिवसांत जमत नाही, कारण उतार दिसला की शहाणा माणूस मागे रेलतो, आणि मागे रेलला की स्की त्याचे ऐकेनाशी होते. मुलाची उंची कमी, पडण्याची लाज नाही. ते पुढे झुकते आणि निघून जाते. उतारांवर निळ्या, तांबड्या आणि काळ्या खुणा असतात: निळा सोपा, तांबडा मध्यम, काळा अवघड. आणि एक नियम सर्वांना सारखा लागू आहे. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळावयाचे. खाली जो आहे त्याला मागे डोळे नाहीत, म्हणून ज्याला दिसते त्याच्यावर जबाबदारी. मागून भोंगा वाजवला की आपले कर्तव्य संपले, असे येथे चालत नाही.

हे सारे ओट्यावर चालते. ओट्यावरून दक्षिणेला ऱ्होनच्या पलीकडची शिखरे दिसतात, त्यांत मॅटरहॉर्नही दिसते. हिमनदी मात्र दिसत नाही. ती गावाच्या पाठीमागे, कण्यासारख्या धारेपलीकडे आहे. ती पाहण्यासाठी पुन्हा पाळण्यात बसून मोसफ्लू, बेटमरहॉर्न किंवा एगिसहॉर्न यांपैकी एका धारेवर चढावे लागते. धारेच्या कठड्याशी आले की मग ती एकदम समोर येते. आलेच हिमनदी, आल्प्समधली सर्वांत लांब, सुमारे वीस किलोमीटर. मोठे वळण घेत ती खाली उतरते, आणि तिच्या अंगावर दगडगोट्यांचे दोन काळे पट्टे रुळांसारखे दूरवर गेलेले दिसतात. आपल्यापैकी जे युंगफ्राउयोखला, त्या १९१२ साली सुरू झालेल्या आगगाडीने जाऊन आले आहेत, त्यांनी हिचाच उगम पाहिला आहे. ते वरच्या टोकाला उभे होते. आपण आता तिच्या कमरेशी उभे आहोत.

नदी म्हणतात ते खरेच आहे. वर पडलेला हिम वर्षानुवर्षे दाबला जाऊन त्यातली हवा निघते, त्याचा निळसर बर्फ होतो, आणि तो स्वतःच्या भाराने उताराकडे सरकतो. कोंकोर्डियाप्लाट्झ या जागी वरून येणारे मोठे प्रवाह एकत्र मिळतात. तेथे बर्फाची जाडी आठशे मीटरच्या पुढे आहे आणि वेग वर्षाला सुमारे १८० मीटर. यातल्या एका प्रवाहाचे नाव एविगश्नेफेल्ड, म्हणजे शाश्वत हिमाचे शेत. १९२६ च्या मार्चमध्ये तीन सख्खे भाऊ एका सोबत्यासह या हिमनदीवर गेले आणि परतले नाहीत. २०१२ साली त्या भावांच्या अस्थी बर्फाच्या पृष्ठभागावर, पुष्कळ खाली, सापडल्या. शहाऐंशी वर्षे नदी त्यांना पोटात घेऊन चालत होती.

अशा शेजाऱ्याची माणसांना भीती वाटली तर नवल नाही. सतराव्या शतकात हिमनद्या वाढत होत्या. धारेखालच्या मेर्येलेन तलावाला हिमनदीनेच बांध घातला होता; तो बांध सुटला की खाली पूर येई. १६७८ साली फीश आणि फीशरटाल येथल्या लोकांनी नवस केला: आम्ही सदाचाराने राहू, हिमनदी वाढू देऊ नकोस. त्या नवसाला पोपची मान्यता होती. १८६२ पासून त्यासाठी दरवर्षी मिरवणूक निघू लागली. मजा अशी, की मिरवणूक सुरू झाली त्याच सुमारास हिमनदीने मागे हटावयास सुरुवात केली होती. तलावाचे पाणी काढण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या कष्टाने बोगदा खोदला, पण बर्फच इतका खाली बसत गेला की बोगद्याला करावयाला फारसे काम उरले नाही. आज तेथे लहानसे तळे आहे.

भाविक मात्र प्रार्थना म्हणतच राहिले, आणि नवस फळतच राहिला. इतका, की त्यांची झोप उडाली. नवस मोडावयाचा तर तो ज्याच्या संमतीने केला त्याचीच संमती हवी. २००९ साली त्यांनी रोमकडे विनंती केली आणि पुढल्या वर्षी ती मान्य झाली. आता तीच माणसांची रांग, ३१ जुलैच्या त्याच दिवशी, हिमनदी वितळू नये म्हणून प्रार्थना करते. हा प्रसंग ऐकून काही जण हसतात. आम्हांला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. तीनशेहून अधिक वर्षे ज्याला शत्रू मानले तो वास्तविक आपला पाणीपुरवठा होता, हे एखाद्या गावाने जाहीरपणे कबूल करणे सोपे नव्हे. उन्हाळ्यात ऱ्होनला पाणी येते ते या बर्फाचे.

हिमनदी किती हटली, हे सांगणाऱ्या खुणा तेथे ठिकठिकाणी आहेत. कोंकोर्डियाची गिर्यारोहकांची झोपडी १८७७ साली बांधली तेव्हा बर्फापासून सुमारे पन्नास मीटर वर होती. झोपडी जागची हलली नाही. पण आता बर्फावरून तिच्यापर्यंत चढावयाला कड्याला जोडलेल्या लोखंडी जिन्याच्या चारशेंहून अधिक पायऱ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नदीचे टोक तीन किलोमीटरहून अधिक मागे गेले आहे. स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांनी २०२२ या एका वर्षात सुमारे सहा टक्के आणि २०२३ मध्ये आणखी चार टक्के बर्फ गमावला. म्हणजे दोन वर्षांत दशांश. आणि डोंगरही स्वस्थ बसलेला नाही. बर्फाची भिंत कुशीला टेकून होती तोवर उतार तोलून धरलेला होता. टेकू सरला, तेव्हा २०१६ च्या शरदात मोसफ्लूच्या उताराला भेगा पडल्या, तो सरकू लागला आणि तिकडच्या पायवाटा बंद कराव्या लागल्या. तेथल्या पाळण्याचे वरचे स्थानक जमीन सरकेल हे धरूनच, पुन्हा जागेवर आणता येईल अशा रीतीने बांधले होते.

ज्या गावाने मोटार दाराबाहेर ठेवली, त्याला मोटारीचा धूर दाराबाहेर ठेवता आला नाही. तो धूर त्या गावाचा एकट्याचा नाही. त्यात आमच्या विमानाचाही वाटा आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. शास्त्रज्ञांचे गणित असे, की हवामान आज आहे तेवढेच राहिले, अधिक तापले नाही, तरी या शतकाच्या अखेरीपर्यंत आलेचचा निदान निम्मा बर्फ जाईल. तापतच गेले तर काही ठिगळे उरतील. स्कीइंगपुरते बोलावयाचे तर बेटमेराल्प उंचावर असल्याने अजून सुखात आहे. सखल गावांतले उतार उघडे पडू लागल्याने उलट इकडची गर्दी वाढेल. कमी पडला तर तोफांनी पाण्याचे तुषार उडवून हिम तयार करता येतो. उतार पांढरा करता येतो. आठशे मीटर जाडीचा बर्फ तयार करणारी तोफ नाही.

शेवटी, ज्यांना जावेसे वाटत असेल त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. स्कीचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. गुडघे साथ देत नसतील त्यांनी उन्हाळ्यात जावे. रीडराल्पच्या वर व्हिला कासेल हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा वाडा आहे. तरुण चर्चिल तेथे उतरत असे, आणि गाईंच्या गळ्यांतल्या घंटांनी लिहिण्यात व्यत्यय येतो अशी त्याची तक्रार होती, असे सांगतात. १९७६ पासून तेथे निसर्गशिक्षणाचे केंद्र आहे. त्याच्या मागून आलेचच्या राखीव अरण्यात वाट शिरते. १९३३ सालापासून या झाडांना कुऱ्हाड लागलेली नाही. त्या वाटेने हळूहळू चालत जावे. झाडांच्या फटींतून खाली हिमनदी दिसत राहते. आणि सामान थोडे न्यावे, कारण पाळण्यापासून बिऱ्हाडापर्यंत ते बहुधा आपले आपणच ओढावे लागते.