जात्यावरची ओवी आणि आपल्या वस्तीची नोंद

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी काही विद्वान माणूस नाही. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण गिरणीच्या पाळ्या करता करता, वाचनालयातली पुस्तकं घरी आणून झालं. मुंबईची गिरणी बंद पडली, तसा गावाकडे आलो आणि आता शिरवळच्या बाजूला दुसऱ्या गिरणीत पाळी करतो. मशीनवर उभा राहणारा माणूस आज तुमच्यापुढे संगणकावरच्या ज्ञानाबद्दल बोलणार, याचं तुम्हाला हसू येईल. पण विषय आपल्या घरातला आहे, म्हणून धाडस करतो.

मागच्या पावसाळ्यात माझ्या पुतणीने मोबाईलवर मराठी विकिपीडिया उघडला. म्हणाली, "काका, आपल्या गावाचं पान आहे बघा." मी चष्मा लावून बसलो. गाव तालुक्यापासून किती लांब, घरं किती, शाळा आहे का, दवाखाना आहे का, अशी २०११ च्या जनगणनेची सगळी माहिती. आपल्याबद्दल एकच ओळ. अनुसूचित जातीचे लोक इतके. बस्स! विहार नाही, पहिली भीमजयंती नाही, दीक्षा कुणी घेतली ते नाही, गावकीची कामं कुणी सोडली ते नाही. बंधूंनो, एवढं सोसून, एवढं लढून आपण त्या पानावर फक्त एक आकडा आहोत.

मला राग आला. मग पुतणीनं समजावलं. ती म्हणाली, हे पान कुठल्या साहेबाच्या मालकीचं नाही, ते लोकांनीच लिहायचं असतं. 'विकी' हा हवाई बेटांवरच्या भाषेतला शब्द, अर्थ चटकन. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन माणसाने १९९५ साली पहिली विकी काढली. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, आणि कुणी काय बदललं याची नोंद कायम राहावी, अशी ती युक्ती. त्यावरून २००१ साली विकिपीडिया निघाला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया. जी संस्था तो चालवते ती नफ्यासाठी नाही, लोकांच्या देणग्यांवर चालते. आपल्या विहारासारखीच म्हणा ना! म्हणजे आपण त्या पानावर नाही, यात मोठा भाग असा की आपण लिहिलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्यासारख्यांनी काय लिहायचं? त्याला उत्तर म्हणून आपल्याच डोंगरपट्ट्यातली गोष्ट सांगतो.

गी पॉइटवाँ नावाचे मूळचे फ्रान्सचे गृहस्थ पुण्यात स्थायिक झाले होते. ते आणि हेमा राईरकर यांनी मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम केलं. ते करताना त्यांच्या ध्यानात आलं की पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या तोंडात फार मोठं ज्ञान आहे. सासर-माहेर, भाऊ, पाऊसपाणी, कष्ट, अन्याय सगळं त्यात. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव जाऊन ओव्या लिहून घेतल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया! बर्नार्ड बेल या तंत्रज्ञ-संशोधकाने नव्वदच्या दशकात त्या संगणकात सूचीवार लावल्या आणि आवाजही ध्वनिमुद्रित केले. पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. पण काम थांबलं नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या इंटरनेटवर खुल्या केल्या. ओवी, तिचा आवाज, इंग्रजी भाषांतर, आणि गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका हे सगळं तिथं आहे.

यातली एक गोष्ट आपल्या काळजाची आहे. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगर वस्तीत ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. ज्या बायांना पाटी-पेन्सिल मिळाली नाही, त्यांनी जातं फिरवता फिरवता बाबासाहेबांचा इतिहास गायला. आज परदेशातला विद्यार्थी तो ऐकतो. मी तो मोबाईलवर ऐकला तेव्हा माझी आई आठवली. तिच्याही ओव्या होत्या. मी त्या एकदाही लिहून घेतल्या नाहीत. मी गिरणी कामगार. पिठाची गिरणी गावात आली, तेव्हा बाईचं कष्टाचं ओझं उतरलं म्हणून आनंदच झाला. पण जात्याबरोबर ओवीही थांबली, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आई गेली. आता काय करणार?

माता-भगिनींनो, म्हणूनच सांगतो, ज्ञान म्हणजे फक्त छापील पुस्तक नव्हे. आपल्या धम्मातच त्याचा दाखला आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकाश्यप अध्यक्ष होते. आनंदांनी धम्म सांगितला, उपालींनी विनय सांगितला. उपालींचं कूळ न्हाव्याचं! संघाने ऐकलं, तपासलं, मान्य केलं. संगीती म्हणजे सर्वांनी मिळून म्हणणं. पुढे कित्येक शतकं हे ज्ञान पाठांतराने टिकलं आणि श्रीलंकेत ते ताडपत्रावर लिहिलं गेलं. मला वाटतं, विकीची कल्पना जुन्या संगीतीच्या जवळची आहे. एकट्याचा शब्द अंतिम नाही, सगळ्यांनी तपासायचं.

आणि तपासणं महत्त्वाचं. कालामांना भगवंतांनी काय सांगितलं? ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मान्य करू नका. मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने रोज काहीबाही फिरतं आणि आपण हात जोडून ते पुढे पाठवतो. हे कालामसुत्तात बसतं का? बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले, वसंत मून यांनी त्यासाठी रक्त आटवलं. ते खंड आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पुढे पाठवण्याआधी खंडात बघावं, ही सवय लावा.

माझी स्वतःची फजिती सांगतो. विहाराची माहिती लिहायला आम्ही बसलो. मी छाती ठोकून सांगितलं, पायाभरणी १९८३ ची. मुलांनी लिहिलंही. कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "न्हाय रं, तुझं लगीन व्हायचं हुतं, पर धाकल्याचं बारसं झालं हुतं. त्या साली मी एक पायली तांदूळ दिल्यात." मी म्हटलं, आत्या, तुझा गोंधळ होतोय. शेवटी पत्र्याच्या पेटीतून वर्गणीचं जुनं पावतीपुस्तक काढलं. अर्धं वाळवीनं खाल्लेलं. उरलेल्या पावत्यांवर साल १९८५! आणि एकीवर आत्याचं नाव, तांदूळ एक पायली. सही करणारा मी, माझी चूक, आणि अंगठा देणारी आत्या बरोबर. त्या दिवशी मी मान खाली घातली.

पण बघा, पावती नसती तर? विकिपीडियावर पुरावा लागतो. छापलेलं, दाखवता येईल असं. नियम वाईट नाही, नाहीतर कुणीही काहीही लिहील. पण ज्यांना हजारो वर्षं लिहू दिलं नाही त्यांनी पुरावा आणायचा कुठून? म्हणून पुरावा आता आपण तयार करायचा. ही स्मरणिका त्यातली पहिली वीट समजा. तिच्यात नुसत्या जाहिराती आणि शुभेच्छा नकोत. साल, नाव, जागा, पावती हवी.

माझ्या चार सूचना आहेत. पहिली, प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं या वर्षावासात मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावं. विचारून, परवानगी घेऊन. सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख सुरुवातीलाच बोलून घ्यावी. दुसरी, जुन्या पावत्या, वह्या, जयंतीची पत्रकं यांचे फोटो काढून दोन-तीन ठिकाणी ठेवावेत. वाळवीला दोन-तीन ठिकाणी एकदम पोहोचता येत नाही! तिसरी, शिकलेल्या मुला-मुलींनी गावाच्या पानावर पुराव्यासह चार ओळी लिहाव्यात. स्तुती नको, शिव्या नकोत, घरगुती भांडणं आणि कुणाचे फोन नंबर तर नकोतच. चौथी, लिहिणाऱ्यांत मुली निम्म्या असाव्यात, कारण ओवी त्यांच्या आज्यांची आहे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पत्र काढलं, त्याचं नाव 'मूकनायक'. मुक्यांना तोंड फोडणारं. तेव्हा छापखाना, कागद, पैसा सगळ्याचीच वानवा होती. आज छापखाना आपल्या खिशात आहे. आपण अजून मुकेच राहिलो तर दोष कुणाला द्यायचा?

आत्या आज इथंच पुढच्या रांगेत बसली आहे. वय नव्वदीकडे झुकलं. कार्यक्रम झाल्यावर माझी पुतणी तिच्याजवळ मोबाईल घेऊन बसणार आहे. ज्यांना शिकायचं त्यांनी जेवणानंतर थांबावं.