नांवनोंदणी आणि अदृश्य चिटणीस



एखाद्या संस्थेचें सभासद व्हावयाचें तर पूर्वीं छापील अर्ज भरून चिटणिसाच्या हातीं द्यावा लागे. चिटणीस तो डोळ्यांखालून घाली, रकाना कोरा राहिला असेल तर तेथेंच विचारी, आणि मगच वहींत नांव चढवी. आज हाच अर्ज आपण फोनवर भरतों आणि एक बटण दाबून मोकळे होतों. चिटणीस मात्र नाहींसा झालेला नाहीं. त्याच्या जागीं दहावीस ओळींची एक आज्ञावली आली आहे. तिनें आपले रकाने नीट वाचले कीं नाहीं, यावर कोणास प्रवेश मिळावयाचा आणि कोणाची माहिती कोठें जावयाची, हें ठरतें. या आज्ञावलीची ओळख करून देणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

पूर्वीं अशा कामासाठीं अहोरात्र चालणारा सर्व्हर संस्थेला स्वतः सांभाळावा लागे. २०१४ सालीं ॲमेझॉन कंपनीनें लॅम्डा नांवाची सेवा जाहीर केली. तींत आज्ञावली तेवढी आपली, यंत्र कंपनीचें. घटना घडली कीं आज्ञावली जागी होते, काम उरकते आणि निघून जाते. या पद्धतीला सर्व्हरविरहित म्हणतात. सर्व्हर नसतो असें नव्हे. तो आपल्या दारीं नसतो, इतकेंच. नांवनोंदणी सांभाळणारी त्याच कंपनीची दुसरी सेवा म्हणजे कॉग्निटो. दोहोंची सांगड घालून ठेवली असली, म्हणजे कोणी खातें उघडूं लागतांच कॉग्निटो लॅम्डाला हांक मारते आणि अर्जाचा मजकूर एका पुडक्यांत तिच्या स्वाधीन करते.

आतां एक उदाहरण कल्पूं. तालुक्याच्या गांवचें एक वाचनालय फोनवरून सभासद नोंदूं लागलें आहे. नांव, ईमेल, दूरध्वनि, जन्मतारीख हे रकाने कॉग्निटोंत मुळांतच आहेत. वाचनालयाला आणखी तीन हवेत : गांव, वय आणि वर्गणीचा प्रकार. अशा स्वतःच्या रकान्यांना कस्टम रकाने म्हणतात. आज्ञावली लिहिणारा पुष्कळदां येथेंच अडखळतो. तो पुडकें उघडून 'गांव' शोधतो आणि त्याला कांहींच सांपडत नाहीं. कारण पुडक्यांत 'रिक्वेस्ट' नांवाचा कप्पा असतो, त्याच्या आंत 'युजर ॲट्रिब्यूट्स' हा दुसरा कप्पा असतो, आणि तेथें रकान्याचें नांव नुसतें 'गांव' नसून 'कस्टम:गांव' असें असतें. जावास्क्रिप्ट भाषेंत टिंब देऊन नांव पुकारण्याची जी सोपी रीत आहे, ती मधल्या कोलनपुढें चालत नाहीं. सबंध नांव अवतरणचिन्हांत घालून चौकटी कंसांत द्यावें लागतें.

रकाना सांपडला म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. तो संख्येचा म्हणून जाहीर केलेला असला तरी आज्ञावलीच्या हातीं येणारें मूल्य अक्षररूप असतें. अक्षररूप अंकांची आपसांत तुलना कोशांतील शब्दांप्रमाणें पहिल्या अक्षरापासून होते. म्हणून '९' हा '१८' पेक्षां मोठा ठरतो, कारण एकाहून नऊ मोठा! एवढ्याशा हयगयीनें नऊ वर्षांचें मूल प्रौढ म्हणून आंत येतें. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानलें आहे, आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वीं पालकाची पडताळतां येण्याजोगी संमति घेण्याची तरतूद केली आहे. तेव्हां अक्षरांचा अंक करून घेणें ही केवळ व्याकरणाची बाब राहत नाहीं.

दुसरी गोष्ट कोऱ्या रकान्यांची. कॉग्निटोंत कस्टम रकाना सक्तीचा करतां येत नाहीं. जें भरलेंच नाहीं तें पुडक्यांत येत नाहीं, आणि नसलेली वस्तु आहे असें समजून आज्ञावली पुढें गेली कीं ती कोलमडते व नोंदणी अडते. यास्तव प्रत्येक रकाना आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. आवश्यक असून नसेल, तर सभासदाला समजेल अशा शब्दांत नकार द्यावा.

तिसरी गोष्ट विश्वासाची. रकान्यांत जें लिहिलें आहे तें अर्जदाराचें म्हणणें आहे. तो पुरावा नव्हे. 'वर्गणीचा प्रकार' या रकान्यांत कोणीहि 'आजीव' असें लिहूं शकेल. रकाना पडद्यावर दिसत नाहीं म्हणून तो सुरक्षित आहे, असेंहि समजूं नये. जाणकार मनुष्य पडद्याला वळसा घालून अर्ज पाठवूं शकतो. कोणत्या रकान्यांत अर्जदारानें लिहावें याची परवानगी वेगळी ठरवितां येते. अधिकाराचे रकाने त्या परवानगींतून वगळावे आणि पैशाची पावती पाहून वाचनालयानेंच ते भरावे.

आतां वेळेचा प्रश्न. आज्ञावलीला दोन ठिकाणीं बोलावणें येऊं शकतें : खातें निर्माण होण्यापूर्वीं, आणि सभासदानें ईमेल किंवा दूरध्वनि खरा ठरविल्यानंतर. तपासणी व नकार यांची जागा पहिली. वहींत कायमची नोंद करण्याची जागा दुसरी. उत्तरास ५ सेकंदांची मर्यादा आहे. तींत उत्तर न आल्यास कॉग्निटो पुन्हां हांक मारते. शिवाय सभासद विसरलेला परवलीचा शब्द बदलतो तेव्हांहि दुसऱ्या ठिकाणचें बोलावणें येतें. म्हणून बोलावण्याचें कारण वाचावें, आणि एकच काम दोनदां सांगितलें गेलें तरी वहींत नोंद एकच राहील अशी योजना करावी. नाहीं तर जुन्या सभासदाला पुन्हां नवागताचें स्वागतपत्र जाईल.

गूगलच्या फायरबेस या सेवेंत अडचणीचें रूप निराळें आहे. तेथें ईमेल व परवलीचा शब्द यांनीं खातें उघडलें म्हणजे नांव बहुधा मागाहून जोडलें जातें. म्हणून खातें निर्माण होतांच जागी झालेली आज्ञावली नांव वाचूं गेली तर तिला तें कोरें दिसतें. गांव व वर्गणी यांसारख्या रकान्यांना त्या खात्यांत स्वतंत्र घरच नाहीं. ते निराळ्या संग्रहांत ठेवावे आणि तेथें नोंद आल्यावर वाचावे, हें श्रेयस्कर.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. कॉग्निटोंत कस्टम रकाने ५० पर्यंत करतां येतात. परंतु एकदां केलेला रकाना काढून टाकतां येत नाहीं, त्याचें नांवहि बदलतां येत नाहीं. आपल्या वाचनालयानें 'वय' हा रकाना केला. पण वय दरसाल पालटतें आणि जन्मतारखेचा रकाना तर मुळांत होताच. तो निरर्थक रकाना आतां कायमचा गळ्यांत पडला. रकाना वाढविण्यापूर्वीं ही माहिती कशासाठीं हवी, ती कोण वाचणार आणि काम झाल्यावर ती कोण पुसणार, या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढावीं. ज्या रकान्यासाठीं उत्तर सुचत नाहीं, तो न विचारणें हीच सभासदाशीं खरी सभ्यता होय.