होडीतलं बंद इंजिन: उतरवण्याआधी आणि उतरवल्यावर



1 जूनला मासेमारी बंदी लागेल. त्याच्या आत बंदरातल्या होड्या वर ओढल्या जातील, झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारल्या जातील, आणि याच दिवसांत जुन्या होड्यांचे सौदेही होतील. अलीकडे या सौद्यांत एक नवं गिऱ्हाईक दिसतं. पर्यटकांना डॉल्फिन दाखवावेत, गळाच्या मासेमारीला न्यावं, म्हणून तरुण मुलं जुनी फायबरची होडी विकत घेतात. विकणारा सांगतो, "बॉडी एक नंबर आहे, इंजिनाचं थोडं काम आहे." त्या थोड्या कामाबद्दल मला आज बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच मांडतो. होडीतलं इंजिन बहुतेक वेळा होडीमुळे मरतं. मोडलेला भाग इंजिनात सापडतो, पण मोडणारं कारण टाकीत, धुराच्या पायपात नाहीतर शाफ्टच्या रेषेत असतं. इंजिन उतरवायला घेतलं की ते कारण ओळखण्याच्या खुणा आपण स्वतःच्या हातांनी पुसत जातो. म्हणून पाना लावण्याआधी चौकशी करा, आणि इंजिन उतरवणं हाही त्या चौकशीचाच भाग समजा. हे न करता नवं इंजिन बसवलेल्या होड्या मी पाहिल्या आहेत. दोन मोसमांत नवं इंजिनही जुन्याच दुखण्याने गेलं.

डिझेल इंजिन महाराष्ट्राला परकं नाही. 1946 साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभा राहिला. पुढे विहिरीवरचं इंजिन गावोगाव पोचलं, तसे ते खोलून बांधणारे हातही गावोगाव तयार झाले. त्या हातांबद्दल मला आदर आहे. पण शेतावरच्या इंजिनाचा धूर नळीतून सरळ आभाळात जातो. होडीतलं इंजिन पुष्कळदा पाण्याच्या पातळीच्याही खाली बसवलेलं असतं. ते समुद्राचं पाणी ओढून घेतं, त्यावर थंड होतं आणि तेच पाणी शेवटी धुराच्या पायपात सोडून धुरासकट बाहेर फेकतं. त्यामुळे धूर निवतो, रबरी पाइप वापरता येतो, आवाज कमी होतो. सोय मोठी आहे, पण त्यापायी सिलिंडरपासून हात-दोन हातांवर खारं पाणी कायम उभं असतं, आणि मध्ये आडोसा फक्त एका व्हॉल्व्हचा. तो कधी बंद असतो, कधी उघडा.

पाणी आत शिरलं तर काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं. रुडॉल्फ डिझेलचं 1897 साली आउग्सबुर्गला यशस्वी ठरलेलं इंजिन याच तत्त्वावर चाललं. आता एक लिटरचा सिलिंडर धरा आणि दाबाचं प्रमाण सतरास एक धरा. पिस्टन माथ्याला आला की हवेला उरणारी जागा साधारण 62 मिलिलिटर, म्हणजे चहाचा लहान कप. हवा तेवढ्यात मावते, कारण ती दबते. पाणी दबत नाही. त्या कपाहून थोडं जास्त पाणी आत असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन वाटेतच अडतो, खालून क्रँक रेटत राहतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो.

हा रॉड तशा होडीतला आहे. पुढच्या रांगेतून हातोहात मागे जाऊ द्या. डोळ्यांना वाक दिसणार नाही. सपाट फरशीवर एका कडेने टेकवा, म्हणजे मध्ये फट दिसेल.

दोघा भावांनी ती होडी घेतली होती. इंजिन चार सिलिंडरचं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की बॅटरी उतरली आहे, नवी टाका, चालू होईल. भावांनी नवी बॅटरी आणलीही होती, पण जोडायच्या आत मला बोलावलं, हे फार चांगलं झालं. बंद इंजिनावर पहिल्यांदा स्टार्टर कधीच मारायचा नाही. आधी चारही इंजेक्टर काढायचे, म्हणजे सिलिंडरला वरून वाट मोकळी होते. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हाताने, सावकाश फिरवायचं. चेहरा इंजेक्टरच्या भोकांपासून लांब ठेवायचा. आम्ही पाव फेरा फिरवला आणि तिसऱ्या भोकातून विटकरी रंगाचं पाणी उसळून वर आलं.

ते पाणी कुठलं, हा पुढचा प्रश्न. हेडचं गॅस्केट फुटलं असेल, तर येणारं पाणी इंजिनाच्या आतल्या फेऱ्यातलं, कूलंट मिसळलेलं गोडं पाणी असतं. धुराच्या बाजूने शिरलं असेल तर ते खारं. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. चमचाभर पाणी काचेच्या तुकड्यावर उन्हात सुकू द्या. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे चमचाभर पाण्यातूनही पांढरे खडे स्पष्ट उरतात. आमच्या काचेवर ते उरले. गॅस्केटवरचा संशय तिथेच मावळला. गॅस्केट बदलून हेड पुन्हा आवळून दिलं असतं, तर इंजिन कदाचित सुरूही झालं असतं. वाकलेल्या रॉडवर इंजिन काही काळ चालतं. मग तो भर समुद्रात तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

एवढं कळल्यावरही आम्ही इंजिनाला हात लावला नाही, होडी बघत राहिलो. डिझेल फिल्टरच्या तळाशी काळा, बुळबुळीत गाळ होता. एअर काढायच्या स्क्रूंवर पान्याचे ताजे ओरखडे होते, म्हणजे कुणीतरी ते वारंवार उघडले होते. स्टार्टरचा रंग तापून करपला होता. सायलेन्सरचा डबा काठोकाठ भरलेला. या चार खुणा एका ओळीत ठेवल्या की सगळी हकीकत कळते. होडी पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिली. टाकीतल्या मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन ते तळाशी साचलं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात, हा गाळ त्यांचाच. त्याने फिल्टर तुंबला, इंजिनाने हवा ओढली आणि ते बंद पडलं. मग ते सुरू करायला कुणीतरी स्टार्टर मारत राहिलं. इंजिनाबरोबर समुद्राच्या पाण्याचा पंपही फिरतो, प्रत्येक वेळी थोडं पाणी धुराच्या पायपात टाकतो. इंजिन पेटलेलं असतं तर धुराच्या जोराने ते बाहेर फेकलं गेलं असतं. पेटलं नाही, म्हणून डबा भरला, पायपात पाणी चढलं आणि ज्या सिलिंडरचा धुराचा व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडा होता, त्यात शिरलं. तो तिसरा होता. मोडला रॉड, पण बिघाड टाकीतून निघाला होता. म्हणून इंजिन लवकर पेटत नसेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून स्टार्टर मारा आणि इंजिन पेटताक्षणी तो उघडा. आणि पावसाळ्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा.

पाणी शिरायची दुसरीही एक वाट आहे. इंजिन पाण्याच्या पातळीखाली असेल तर बंद इंजिनातही, नळीने टाकीतलं पाणी खेचावं तसं समुद्राचं पाणी आत वाहू शकतं. ते तोडायला पाण्याच्या नळीची एक कमान पातळीच्या बरीच वर नेतात आणि तिच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवतात. मिठाने तो चिकटतो. दर मोसमाला काढून गोड्या पाण्यात धुवायचा, एवढंच त्याचं काम आहे, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

आता उतरवण्याकडे येतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. डिझेलचा आणि समुद्राचा कॉक बंद. मोबाइलने सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, प्रत्येक वायरला, पायपाला चिठ्ठी बांधा. ऑइल काढताना पहिलं बाटलीभर वेगळं ठेवा. पाणी मिसळलेलं ऑइल दुधी चहासारखं दिसतं, आणि रात्रभर ठेवलं तर कधी कधी पाणी तळाशी वेगळं होतं. गिअरबॉक्सचं ऑइलही वेगळ्या बाटलीत घ्या. ते दुधी निघालं तर त्याचा कूलर आतून फुटलेला असू शकतो. अल्टरनेटर, स्टार्टर, धुराचा मॅनिफोल्ड असं जे जे सुटतं ते सोडवा. वजन घटतं, आणि हॅचमधून निघताना तेच भाग अडकतात.

मग गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग. दोन्ही फ्लँजवर पंचाने समोरासमोर खूण करायची, म्हणजे बसवताना तीच जोडी जमेल. आणि होडी पाण्यात असेल तर एक गोष्ट जिवावरची आहे. कपलिंग सुटलं की शाफ्टला मागे सरकायला मोकळीक मिळते. तो स्टर्न ट्यूबमधून निसटला, तर तेवढ्या व्यासाचं भोक होडीच्या तळाला पडलं. आधी शाफ्टला घट्ट क्लँप आवळा, मगच बोल्ट सोडा.

असं इंजिन गिअरबॉक्ससकट तीन-चारशे किलो सहज भरतं. चेनपुली हॅचच्या काठावर आडव्या टाकलेल्या तुळईला लावतात. पण तो फायबरचा काठ एवढं वजन घ्यायला केलेला नसतो. तुळईच्या दोन्ही टोकांखाली धिरे द्या, ते थेट खालच्या वाक्यांवर, म्हणजे होडीच्या फासळ्यांवर, नाहीतर पठाणावर, म्हणजे तळाच्या कण्यावर टेकले पाहिजेत. साखळी इंजिनाच्या दोन्ही उचलण्याच्या कड्यांना लावा, गिअरबॉक्सला कधीच नको. आणि धक्क्यावरून क्रेनने उचलणार असाल, तर भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, भरती थांबली की उचला. उधाणाला पाणी झपाट्याने चढतं-उतरतं, आणि अर्धवट उचललेलं इंजिन हॅचमध्ये असताना होडी खाली जायला लागली तर माणसं चिरडतात. लटकत्या इंजिनाखाली हात घालायचा नाही. रेटायचं असेल तर लाकडाने रेटायचं.

इंजिन जमिनीवर आलं की सगळे त्याच्याभोवती जमतात. मी आधी रिकाम्या जागेत उतरतो. इंजिन ज्या दोन लांब पट्ट्यांवर बसतं, त्या फायबरच्या आत बहुधा लाकूड असतं. हातोड्याने ठोकत जा. टणक आवाज बदबदीत झाला की आतलं लाकूड कुजलं. तसल्या पायावर कुठलंही इंजिन सरळ राहणार नाही.

नंतर हेड खोलायचं. इथे सावकाश बघण्यासारखं बरंच असतं. पिस्टन एकेक करून माथ्यावर आणा आणि ब्लॉकवर पट्टी ठेवून फिलर गेजने उंची मापा. आमचे बाकीचे तीन पिस्टन एका उंचीला आले, तिसऱ्या सिलिंडरचा जरा खाली थांबला. लायनरवर जळक्या कार्बनची जी रेघ असते, तीही तिसऱ्यात खाली सरकलेली होती, म्हणजे रॉड वाकल्यावरही इंजिन थोडा काळ चालवलं गेलं होतं. हेडवर पट्टी ठेवून सपाटी बघा. तडा तपासायला लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर फवारा, बारीक तडा लाल रेघेसारखा उमटतो. गंजाचे खड्डे नखाला लागले तर लायनर बदलायचा, नुसते डाग असतील तर होनिंगने भागतं. क्रँक, ब्लॉक आणि हेड चांगले असतील, तर इंजिन वाचवावं या मताचा मी आहे. तिन्हींपैकी दोन गेले असतील, तर त्या मुलांचे पैसे वाया घालवू नयेत.

इथे बुडालेल्या होडीबद्दल सांगायलाच हवं. 3 जून 2020 चं निसर्ग आणि पुढच्या मे महिन्यातलं तौक्ते या वादळांनंतर आपल्या किनाऱ्यावर बुडालेली इंजिनं वर काढली गेली आणि पंचनामा होईपर्यंत उन्हात पडून राहिली. ती तिथे मेली. गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, मीठ त्याचा वेग वाढवतं. पाण्याखाली हवा कमी असते, वर काढलं की ती भरपूर मिळते. धुवायला माणूस, गोडं पाणी आणि ऑइल तयार असेल, तेव्हाच वर काढा. काढल्याबरोबर इंजेक्टर सोडवून हाताने फिरवत गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, मग डिझेलने, मग ताज्या ऑइलने भरा. हे त्याच दिवशी झालं पाहिजे. पंचनाम्यासाठी फोटो पुरावेत, यासाठी आपल्या सोसायट्यांनी आत्ताच मत्स्यव्यवसाय खात्याकडे आग्रह धरावा, असं मला मनापासून वाटतं.

त्या भावांचं इंजिन नवा रॉड, एक लायनर आणि घासलेलं हेड एवढ्यावर उभं राहिलं. टाकी कापून आतून साफ केली, तळाला पाणी काढायचा कॉक बसवला. इंजिन जागेवर ठेवल्यावर त्यांना कपलिंग तिथेच, कोरड्यावर जुळवून घ्यायचं होतं. मी थांबवलं. जमिनीवर टेकलेली होडी आणि पाण्यावर तरंगणारी होडी यांचा आकार एक नसतो. पाण्यात सोडा, दोन दिवस बसू द्या, मग कपलिंगच्या दोन फ्लँजमधली फट वर, खाली, डावी, उजवी अशी चारही बाजूंनी गेजने मापा. चार इंची कपलिंगला 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. पंचवीसेक तास चालल्यावर पाये बसतात, तेव्हा पुन्हा मापा. आणि शाफ्ट होडीबाहेर पडतो तिथल्या स्टर्न ग्लँडची दोरी पार कोरडी होईल इतकी आवळू नका. शाफ्ट फिरताना तिथून मिनिटाला चार थेंब पडलेच पाहिजेत, नाहीतर शाफ्ट तापून कापला जातो.