‘शेजारी’ आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



मी काही चित्रपटाचा अभ्यासक नव्हे. मराठी शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. परंतु गेल्या महिन्यात नववी-दहावीच्या मुलांना एक जुना मराठी चित्रपट दाखविला, आणि त्यानंतर वर्गात जे प्रश्न निघाले त्यांनी मला स्वस्थ बसू दिले नाही. म्हणून आजचा विषय तोच निवडला आहे.

चित्रपटाचे नाव ‘शेजारी’. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने तो १९४१ साली काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकरांची. बेडेकर हे आपल्या वऱ्हाडचे, त्यांचा जन्म अमरावतीचा. काळ कोणता होता तो लक्षात घ्या. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगने वेगळ्या राज्यांचा ठराव केला होता. देशाच्या हवेत संशय भरू लागला होता. अशा वेळी प्रभातने दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांची गोष्ट पडद्यावर आणली. एक हिंदू, एक मुसलमान. मिर्झा आणि त्याचा मित्र एकमेकांवाचून राहत नाहीत, सुखदुःख वाटून घेतात, बुद्धिबळाचा डाव मांडून बसतात. गावात धरण बांधू पाहणारा एक धनिक येतो. जोवर हे दोघे एक आहेत तोवर गाव आपल्या हाती लागणार नाही, हे तो ओळखतो. मग तो त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि त्या प्रलयात हे दोघे मित्र पुन्हा एकमेकांना भेटतात. पण केव्हा, तर मरणाच्या दारात.

चित्रपट संपल्यावर एका मुलाने विचारले, “सर, मिर्झा इतके चांगले मराठी कसे बोलतो?” वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. मराठी बोलणारा मुसलमान पाहून आपल्याच मुलाला नवल वाटावे? त्याचे आजोबा बाजारात, कचेरीत, शेतात मराठीच बोलत आले. तरीही ही भाषा आपली नव्हे, आपण तिच्या घरी पाहुणे आहोत, असे त्याच्या मनात कोठून आले? पालकांनो, हा प्रश्न मी आपल्याकडे सोपवितो. उर्दू आपल्या घराचा दिवा आहे, तो विझू देऊ नका. परंतु मराठी ही आपल्या अंगणाची वाट आहे. अंगणात पाऊलच टाकावयाचे नाही म्हटले, तर शेजारी भेटावयाचा कसा?

दुसरा प्रश्न एका मुलीने विचारला. “मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले. मुसलमान नट मिळाला नाही का?” प्रश्न चांगला होता. मराठी ‘शेजारी’त जागीरदार मिर्झा झाले आणि केशवराव दाते हिंदू मित्र झाले. याच कथेचा हिंदी चित्रपट ‘पडोसी’ नावाने निघाला. त्यातही मिर्झा जागीरदारच. परंतु हिंदू ठाकुराचे काम कोणी केले? मझहर खान यांनी. म्हणजे हिंदू नट मिर्झा झाला आणि मुसलमान नट ठाकूर झाला. ही अदलाबदल दिसावयास लहान, पण तिचा अर्थ मोठा आहे. दुसऱ्याचे काम करावयाचे तर त्याचे उठणे-बसणे, त्याचा सलाम, त्याचा नमस्कार, त्याचा राग कसा येतो आणि तो रडतो कसा, हे सारे निरखावे लागते. निरखण्यासाठी त्याच्या जवळ बसावे लागते. जवळ बसल्यावर वैर टिकविणे कठीण जाते.

याच बेडेकरांनी १९३९ साली ‘रणांगण’ नावाची कादंबरी लिहिली. तीत जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेली ज्यू तरुणी हॅर्टा आणि मराठी तरुण चक्रधर यांची जहाजावर भेट होते. जन्माच्या देशाने तिला परकी ठरविले आहे. एकीकडे समुद्र ओलांडून निघालेली हॅर्टा, दुसरीकडे आपल्याच गावात दुरावलेले दोन म्हातारे. माणूस परका केव्हा होतो? तो दुरून आला म्हणून नव्हे. “तू आमचा नाहीस” असे त्याला कोणी म्हणते आणि बाकीचे ते ऐकून गप्प बसतात, तेव्हा तो परका होतो. आपल्या जिल्ह्यातही पेनटाकळी, खडकपूर्णा या धरणांसाठी गावे उठली, माणसे नव्या जागी वसली. अशा घरचे मूल वर्गात नवे येते तेव्हा आपण त्याला बाकावर जागा देतो की नाही, हीच आपली परीक्षा.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा बरेच दिवस विचार केला.

मी चौथीत असतानाची ही हकीकत. आमचे शेत थोडे, आणि धुऱ्याला धुरा लागून एका हिंदू काकांचे शेत. आमच्याकडे एकच बैल होता, त्यांच्याकडेही एकच. दोघांची सावड होती. दोन बैल मिळून जोडी व्हायची. आज आमच्या वावरात वखर, उद्या त्यांच्या. काका अब्बांना ‘भाई’ म्हणत, अब्बा त्यांना ‘भाऊ’. त्यांचा मुलगा माझ्या वयाचा होता. पुढे रस्त्याकडेच्या जमिनीवर कोणा तिसऱ्याचा डोळा गेला. त्याने धुऱ्यावरून एकाला एक सांगितले, दुसऱ्याला दुसरे. तरीही अब्बा म्हणत, “भाऊ तसा माणूस नाही.”

त्याच सुमारास खेळताना त्या मुलाचे नि माझे भांडण झाले. तो म्हणाला, “जा, तू आमच्या डावात नाहीस.” एवढेच. मी रडत घरी आलो आणि सांगितले, “ते म्हणतात, तुम्ही इथले नाहीत.” विद्यार्थी मित्रांनो, हे शब्द त्याचे नव्हते. माझे होते. रागात मी ते जोडले. अब्बांचा चेहरा त्या संध्याकाळी जसा झाला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैल सोडून आणला.

मृग लागला, पाऊस पडला, आणि दोन्ही वावरांत एकेकच बैल उभा. भाड्याची जोडी मिळेपर्यंत दोघांची पेरणी मागे पडली, दोघांवर कर्ज झाले. पुढच्या साली दोघांनीही रस्त्याकडेचा तुकडा विकला, त्याच माणसाला. आज तेथे गोदाम उभे आहे.

दोन वर्षांनी काका वारले. अब्बा कोणाला न विचारता गेले, खांदा देऊन आले. रात्री अंगणात बसून त्यांनी मला विचारले, “त्या दिवशी पोरगा नेमके काय बोलला होता?” मी खरे सांगितले. मार बसेल असे वाटले होते. अब्बा इतकेच म्हणाले, “मी भाऊला एकदा विचारायला हवे होते.”

मित्रहो, हा चित्रपट पाहताना मला त्या धनिकाचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. असे तिसरे माणूस जगात नेहमीच असणार. परंतु त्याला निरोप्या लागतो, आणि तो निरोप्या आपल्यातलाच असतो. कधी चौथीतला पोर, तर कधी मोबाइलवर आलेला मजकूर न वाचता पुढे ढकलणारा सुशिक्षित माणूस. आणि त्याला ऐकणाराही लागतो, विचारावयास न जाणारा.

धर्माने आपल्याला शेजाऱ्याचा हक्क शिकविला आहे. शेजारी उपाशी असता आपण पोटभर जेवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मला वाटते, त्याच्याविषयी काही कानावर आले असता त्याला न विचारता ते खरे मानू नये, हाही त्या हक्काचाच भाग आहे.

१९४१ साली ‘शेजारी’ आला, सहा वर्षांनी देशाची फाळणी झाली. एका चित्रपटाने इतिहास थांबत नाही, हे खरे. शांतारामांचा प्रभातमधील तो शेवटचा चित्रपट; प्रभातच्या जागेवर १९६० साली शासनाची फिल्म संस्था सुरू झाली. काळ सारे बदलतो. तरीही ऐंशीहून अधिक वर्षांनी चिखलीतील एका वर्गात मुले तो पाहतात आणि प्रश्न विचारतात, हे मला फुकट गेले असे वाटत नाही.

विद्यार्थ्यांना माझे दोनच शब्द. मराठी अशी शिका की कोणी नवल करू नये. आणि घरी निरोप नेताना जेवढा ऐकला तेवढाच न्या. पालकांना एकच विनंती. मुलाने काही ऐकून आणले, तर बैल सोडून आणण्याआधी चार पावले चालून शेजारी जा आणि विचारा.

ते चार पावलांचे अंतर अब्बांना दोन वर्षांत चालता आले नाही. ते चालले तेव्हा खांद्यावर तिरडी होती.