पोर्चमधली फियाट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरवर बोल.’ मी म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्याच बॅचमध्ये निदान डझनभर निघतील. मी माझ्या गाडीबद्दल बोलते. १९७० सालची फियाट अकराशे डी. माझ्या मामांची. तुमच्यापैकी काहींना ती आठवेल, कारण गॅदरिंगचे पडदे आणि तबला-पेटी एक-दोन वर्षं तिच्याच डिकीतून आले होते. मामा गेल्यावर ती बारा-तेरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. भंगारवाल्याशी बोलणं जवळजवळ ठरलं होतं. २०२१ मध्ये घरून काम सुरू असताना मी ती टेम्पोवर चढवून पुण्याला आणली आणि आमच्या बंगलीच्या पोर्चमध्ये उभी केली. शेजाऱ्यांना वाटलं, पार्किंगची जागा अडवायला आणली असेल.

ही गाडी आपल्या मातीतली आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला. १९६४ पासून तिथे अकराशे डी बनू लागली. १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं आणि २०००च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ अखेर तीही टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. म्हणजे मी गाडी दुरुस्त करत होते, त्याच काळात तिच्या बहिणी निवृत्त होत होत्या.

आता कामाकडे येते. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्यात एकही कॉम्प्युटर नाही, आणि माझ्यासारखीला हाच मोठा दिलासा. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: इंधन, ठिणगी आणि दाब. तिन्ही योग्य वेळी मिळाल्या की ते चालतंच. नाही चाललं तर यातलं काय कमी आहे ते एकेक करून तपासायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे सुधारलं ते कळत नाही. हे आमच्या ऑफिसातही खरं आहे, पण तिथे ते कोणी ऐकत नाही.

सुरुवात इंजिनापासून करायची नसते. आधी ब्रेक. चालू होणारी पण न थांबणारी गाडी पोर्चमध्ये नको. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच वाट. एका जागी गळती झाली की चारही गेले. सर, तुम्ही फळ्यावर काढलेली पास्कलच्या नियमाची आकृती मला तेव्हा खरी समजली, जेव्हा पॅडल तळाला गेलं आणि चाक फिरतच राहिलं. मास्टर सिलिंडर, चाकांवरचे सिलिंडर आणि सगळ्या नळ्या बदलल्या. तुमच्यापैकी कोणी हे करणार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खाली लोखंडी स्टँड लावलेच पाहिजेत.

सगळ्यात जास्त वेळ गंजाने खाल्ला. वरून पत्रा बरा दिसत होता. मॅट काढल्यावर पायाखालची फरशी दिसली. फरशी म्हणजे काय, रस्ताच दिसला. दरवाज्यांखालच्या पट्ट्याही आतून गेलेल्या. पुट्टी भरून वर डुको मारला असता तर दोन पावसाळे निघाले असते. आम्ही गंज कापून काढला, नवा पत्रा वेल्ड केला, आणि पेट्रोलची टाकी व बॅटरी त्याआधीच बाहेर काढून ठेवली.

हे ‘आम्ही’ म्हणजे मी आणि चाचा. चाचा मिस्त्री आहेत. मुंबईत त्यांनी तीस वर्षं याच टॅक्सींवर हात चालवला. आता सत्तरी ओलांडली आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते सांगत, ‘तिसऱ्याचा व्हॉल्व्ह वाजतोय.’ डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट ते बोटाच्या अंदाजाने लावत. मी मागून फीलर गेज घालून मोजायची. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी हवी, तेवढीच भरायची. घाटात पेट्रोलपंप तापून गाडी बंद पडली तर त्यावर ओलं फडकं कसं आणि किती वेळ ठेवायचं, हे कुठल्याही मॅन्युअलात नाही. ते चाचांकडे आहे. म्हणून मी वही घातली. ते बोलतील तसं लिहायचं, मग मोजायचं, आणि मोजलेला आकडा शेजारी लिहायचा. सुरुवातीला ते हसले. नंतर स्वतःच विचारू लागले, ‘ताई, हे लिहिलंत का?’

आता ज्या प्रश्नाने मला खरं अडवलं, तो. गाडी होती तशी ठेवायची, की आपल्या सोयीने बदलायची? २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. मान मोठा आहे. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. माझ्या आईला मात्र याच गाडीतून माहेरी जायचं होतं. तिच्या भावाची गाडी आहे. प्रदर्शनात दोरीपलीकडून बघायला तिला ती नको होती.

म्हणून मी साधी नोंदणीच चालू ठेवली. त्यातही हवं ते करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, आणि नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं आहे. रंग बदलायचा तरी आरटीओत नोंद लागते. मामांचा फिकट राखाडी रंग मी तसाच ठेवला.

स्वतःसाठी एक नियम केला: बोल्ट काढून पूर्ववत करता येईल तेवढंच बदलायचं. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला, कारण सिग्नलला थांबलं की हेडलाइट मंद व्हायचे. जुना डायनॅमो खोक्यात जपून ठेवला आहे. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या. सगळं वायरिंग नवं केलं, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावली. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र घातलं नाही. ते बिघडलं तर गाडी ओढून आणावी लागते. पॉइंट बिघडले तर घासून घरी येता येतं.

एकच अपवाद केला. या गाडीला सीट बेल्ट नव्हतेच. नवी फरशी वेल्ड करताना खाली जाड पट्ट्या बसवल्या आणि त्यांत बेल्ट अडकवले. हा बदल पूर्ववत होणार नाही. जुन्या गाड्यांच्या एका जाणकाराने सांगितलं, ‘तुम्ही गाडीची किंमत घालवलीत.’ असेलही. पण त्या सीटवर माझी आई बसणार होती. त्यावर मला दुसऱ्यांदा विचार करावा लागला नाही.

अडीच वर्षं लागली. खर्च विचाराल, तर तेवढ्यात एक बरी सेकंडहँड गाडी आली असती. गेल्या डिसेंबरात आई माहेरी जाऊन आली. वाटेत फार बोलली नाही. परतताना म्हणाली, ‘दादा गिअर जरा हळू टाकायचा.’

चाचांची वही आता दोनशे पानांची झाली आहे. टायमिंग, ठिणगीचा १-३-४-२ हा क्रम, कुठला भाग जुन्या बाजारात मिळतो आणि कुठला लेथवर करून घ्यावा लागतो, सगळं त्यात आहे. ज्याच्या घरी ताडपत्रीखाली अशी गाडी असेल त्याने मला सांगावं, वहीची प्रत देईन. आणि ज्याच्या ओळखीत असा मिस्त्री असेल, त्याने आधी त्याच्याकडे जावं. गाडी थांबेल, पत्रा नवा मिळेल. तो माणूस मात्र उद्या दुकान बंद करून गावी गेलेला असेल.

गाडी आज मैदानात वडाखाली उभी आहे. पुढची सीट सलग आहे, गिअर स्टीअरिंगजवळ आहे, त्यामुळे पुढे तिघं बसतात. पहिली फेरी सर आणि बाईंची. बाकीच्यांनी रांग लावावी. शाळेतली सवय अजून मोडली नसेल, अशी आशा आहे.