‘थायरॉईड वाढलाय’ म्हणजे नेमके काय?

(नाशिकमधील वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



‘मला थायरॉईड आहे’ असे बायका आपल्याला सांगतात. थायरॉईड तर प्रत्येकीलाच असतो, गळ्याच्या पुढच्या भागातली ती एक ग्रंथी आहे. ती कमी काम करते की जास्त, एवढाच प्रश्न असतो आणि रिपोर्ट वाचताना नेमका तिथेच घोटाळा होतो.

सातपूरच्या एका बाई सतत थकलेल्या असायच्या. चेहऱ्यावर सूज, पाळीत अंगावरून खूप जाणे. घरात ‘आळशी’ हे नाव पडलेले. रिपोर्टमध्ये टीएसएच १८ आला. दिराने आकडा पाहिला आणि ठरवले, वाढलाच आहे तर आणखी गोळी कशाला? चार महिने गोळी बंद. बाईंनी तो कागद पाहिलाही नव्हता, तो नवऱ्याच्या कपाटात होता.

टीएसएच थायरॉईडमध्ये तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी तो पाठवते. तो तगादा आहे असे समजा. थायरॉईड मंदावला की तगादा वाढतो. म्हणजे टीएसएच जास्त आला तर बहुतेक वेळा थायरॉईड कमी पडतो आहे. उलट टीएसएच अगदी कमी आणि टी-४ जास्त असेल, छातीत धडधड होत असेल, वजन उतरत असेल, तर काम जास्त चालले आहे.

साधारण ०.४ ते ४ ही टीएसएचची मर्यादा. प्रत्येक लॅबची थोडी वेगळी असते, म्हणून आकड्याशेजारी छापलेली मर्यादा पाहायची. टीएसएच किंचित वाढलेला आणि टी-४ ठीक असेल तर घाबरायचे कारण नाही. सहसा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. दहाच्या वर असेल तर बहुधा गोळी लागते.

आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, माला-एनसारख्या गोळ्या घेणाऱ्या बाईचा किंवा गरोदर बाईचा एकूण टी-३, टी-४ नुसताच वाढलेला दिसू शकतो. तिथे ‘फ्री टी-४’ करून घ्यावा. गरोदरपणी मर्यादाही वेगळ्या असतात. गोळी चालू असलेल्या बाईला दिवस गेले तर गोळी बंद करायची नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचे; बहुतेकींना ती वाढवावी लागते. सुरुवातीचे काही महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असते.

गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या-एक तासाने. (हे सांगितले की सगळ्या हसतात, पण चहा थांबवणे हेच सर्वांत अवघड.) लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. आपण वस्तीत लोहाच्या गोळ्या देतो, तेव्हा हे विचारतो का? डोस बदलला की साधारण सहा आठवड्यांनी रक्त तपासायचे, त्याआधीच्या आकड्यावर भरवसा नको.

‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी सोडते’ असे म्हणणाऱ्याही भेटतात. तो नॉर्मल गोळीमुळेच आलेला असतो. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये, शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते तो आजार नोंदवला. त्याच्या चारही रुग्ण बायकाच होत्या. आयोडीनच्या मिठाने तो बरा होत नाही.

सातपूरच्या बाईंनी गोळी पुन्हा सुरू केली. लग्न जमवताना हे लपवा, असा सल्ला आता त्यांच्या मुलीला मिळतो आहे, कारण तिचाही टीएसएच वाढला आहे. तिच्याशी काय बोलायचे ते आपण चर्चेत ठरवू. आधी तुम्ही आणलेले कागद काढा.