टाचणवही आणि सामाईक पान



पाठांची टाचणवही पूर्वी शिक्षकाच्या कपाटातच राहत असे. तो निवृत्त झाला की वहीबरोबर त्याचा वर्षानुवर्षांचा अनुभवही रद्दीत जाई. १९९५ साली अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी वाचकासच दुरुस्त करता येईल असे ‘विकी’ हे संगणकीय पान सुरू केले. २००१ मध्ये त्याच तत्त्वावर विकिपीडिया उभा राहिला व २००३ मध्ये तो मराठीत आला.

अशा पानावर एका शिक्षकाने अपूर्णांकांचा पाठ मांडावा, दुसऱ्याने त्यात बाजारहाटाचे उदाहरण घालावे, विद्यार्थ्याने चूक दाखवावी. चूक दाखविली जाणे हा शिक्षकाचा अवमान नव्हे. पाठाचा तो लाभच होय. पूर्वीच्या आवृत्त्या जतन होत असल्याने बिघडलेला मजकूर पूर्ववत करता येतो.

तथापि यातील पुष्कळशी साधने परक्याच्या मालकीची असतात. शिक्षकांत लोकप्रिय झालेली ‘विकीस्पेसेस’ची मोफत पाने २०१८ मध्ये बंद झाली. ज्यांनी आपल्या पाठांच्या प्रती जवळ ठेवल्या होत्या, त्यांचेच श्रम वाचले.

म्हणून नवे साधन हाती घेताना शिक्षकाने तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात. मजकूर उतरवून घेता येतो काय? इतरांस तो वापरण्याची अनुज्ञा स्पष्ट आहे काय? आणि मुलांची नावे व छायाचित्रे उघड होत नाहीत ना? एवढी दक्षता बाळगल्यास एका वर्गातील अनुभव अनेक वर्गांच्या उपयोगी पडेल.